कौलांतून वर गेलेली मेणवेल

शके १८२१, वैशाख वद्य तृतीया, सकाळची वेळ. रक्कम ठरली साडेचार रुपये: माजघर आणि स्वयंपाकघर यांवर कौले पुन्हा चढवण्याची मजुरी, फुटक्या कौलांची भरपाई त्यातच धरून. हजर: मी, माझी पत्नी, कौले चाळणारा मिस्त्री आणि आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे चाचा, जे वह्या आणि दफ्तरे बांधण्याचा धंदा करीत. बोलणी झाली तेव्हा वेलीचा विषय निघाला नव्हता. तो मिस्त्री शिडीवर चढल्यावर निघाला.

आधीच्या मार्गशीर्षात आमच्या पेठेत प्लेगाने माणसे गेली आणि घरे सोडण्याचा हुकूम झाला. आम्ही कळंब्याच्या तळ्याकडे एका मळ्यात झोपडी घातली. मी तिथून रोज कचेरीत जमाखर्च लिहायला येई आणि संध्याकाळी परत जाई. घर रिकामे झाले की त्याची कौले उतरवून ऊन आत सोडत, कारण ऊन आणि वारा खेळल्याशिवाय रोग घरातून जात नाही असे डॉक्टरांचे म्हणणे. आमच्याही मागच्या दोन खोल्यांची कौले उतरली आणि परसात रचून ठेवली गेली. खाली भिंती, वर नुसते वासे आणि रिपा, आणि त्यांच्यावर आभाळ, असे आमचे घर पाच महिने होते.

माजघरात खुंटीला एक लहान कुंडी टांगलेली होती. झोपडीत तिला जागा नव्हती, म्हणून ती तिथेच राहिली. तिच्यात आमची मेणवेल होती.

नाव आमच्या घरचे. मूळ वेल एका साहेबाच्या बंगल्यातली, आणि तिथला माळी तिला होया म्हणे. हा माळी चाचांचा मेहुणा. त्याने बहिणीला, म्हणजे आमच्या चाचींना, एक फांदी आणून दिली आणि चाचींनी तिचाच तीन पानांचा तुकडा माझ्या पत्नीला दिला. त्याला नऊ वर्षे झाली होती. नऊ वर्षांत तिने एक फूल दिले नव्हते. तरी मी तिला नावे ठेवणार नाही, कारण फुलाशिवायही तिच्याकडे पाहण्यासारखे पुष्कळ होते.

पान जाड, बोटाने दाबले तर रबरासारखे, आणि वरून असे गुळगुळीत की धूळ फुंकरीने जाई. पाने जोडीने येत, समोरासमोर. हिरव्या पानाला दुधाळ पांढरी कड, तीही प्रत्येक पानाला निराळी. कुठे सुताएवढी, कुठे अर्धे पान व्यापणारी. एखादी फांदी अगदी पांढरी निघे, दिसायला सगळ्यांत देखणी, पण ती चार-सहा पाने करून थांबे आणि वाळून जाई. उलट एखादी फांदी कडेचा पांढरेपणा टाकून साधी हिरवी होई, आणि ती मात्र जोरात वाढे. पानातला हिरवा भागच वेलीला पोसतो, असे मी यावरून समजलो. पांढऱ्याचे ओझे हिरव्याने वाहायचे, असा त्यांचा संसार.

तिची वाढण्याची रीत तर मी दुसऱ्या कुठल्या झाडात पाहिलेली नाही. इतर वेली पाने घेऊन पुढे जातात. ही आधी नुसता दोरा पुढे पाठवी. हातभर, दोन हात लांब, तपकिरी, एकही पान नसलेला दोरा हवेत झुलत राही आणि काही आधार सापडला की त्याला वळसे घाली. आधार पक्का झाला, मग सावकाश मागून पाने. आमच्याकडे दिवाळीच्या झाडलोटीत, आणि पुढेही जळमटे काढताना, हे बिनपानांचे दोरे वाळकी काडी समजून दरवर्षी कापले जात. घर स्वच्छ झाले की वेलही नीटनेटकी दिसे, आणि पुन्हा वर्षभर तिथेच बसे.

त्या वर्षी दिवाळीनंतरचा दोरा कापायला घरात कोणी नव्हते.

मी दर रविवारी घर पाहायला जाई आणि कुंडीत तांब्याभर पाणी ओती. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पाहतो तो पानांचा रंग फिरलेला. आधी पिवळट, मग कडेची पांढरी पट्टी गुलाबी आणि मधला हिरवा भाग तांब्यासारखा. मला वाटले, रोगट घरात राहून वेलही गेली. पुढच्या रविवारी पत्नीला सोबत घेऊन आलो. तिने एक पान बोटांत धरून वाकवून पाहिले.

"आजारी नाही. पान ताठ आहे," ती म्हणाली.

"मग लाल का?"

"उन्हात राहून तुमची मान काय रंगाची झाली आहे ते आरशात बघा. झोपडीत आरसा नाही म्हणून सांगते."

ती खरे सांगत होती, आणि त्याचा पुरावा पानांवरच होता. ज्या पानावर दुसरे पान आडवे आले होते, तिथे वरच्या पानाचा आकार खालच्या पानावर हिरवाच राहिला होता, ठसा उमटवावा तसा. वाशाची सावली दुपारभर एका फांदीवर पडे; त्या फांदीची मधली पाने हिरवी आणि दोन्ही टोकांची तांबडी. काही पाने भाजून त्यांवर पांढरे डाग पडले, ती गळली. बाकीची त्या रंगात इतकी शोभत की आम्ही उभे राहून पाहत होतो, आणि घर उघडे पडले आहे याचे त्या वेळेपुरते काही वाटेनासे झाले.

चाचींची कुंडी मात्र गेली. ती त्यांच्या दाराशी होती. घरे धुणाऱ्यांनी चुन्याचे आणि औषधाचे पाणी सगळीकडे मारले, ते तिच्यातही पडले. चाची तेव्हा हुपरीला माहेरी होत्या. माझ्या पत्नीने चाचांबरोबर निरोप धाडला, की माझी वेल जगली तर निम्मी तुमची. तेव्हापासून दर आठवड्याला हुपरीहून वेलीची खबर विचारली जाऊ लागली.

खबर देण्यासारखी होतीही. फाल्गुनात तो दोरा वाशांच्या मधून वर निघाला. ही साधी हिरवी फांदी होती, पांढरी कड टाकून दिलेली. वाशांच्या वर आडव्या ठोकलेल्या रिपांपैकी दोन तिने धरल्या आणि दोघींना वळसे घातले, नेहमी एकाच बाजूने. चैत्रात तिथे पाने फुटली, आणि पानांच्या बगलेतून बोटाच्या पेराएवढे आखूड देठ. देठाच्या टोकाला कळ्यांचा घोस, उलट्या धरलेल्या छत्रीसारखा. वळवाचे दोन पाऊस पडून गेल्यावर फुले उघडली. एका घोसात वीसएक. प्रत्येक फूल पाच कोनांचे, फिकट गुलाबी, मखमलीसारखे. आत दुसरे लहान पाच कोनांचे, मेणाचे करून चिकटवल्यासारखे, मध्ये लाल. खाली मधाचा थेंब लोंबे. पत्नीने तो जिभेला लावला आणि गोड आहे म्हणाली. वास दिवेलागणीला येई, दाट, थोडा मिठाईसारखा. असे पाच घोस होते.

ते आखूड देठ फुले गळल्यावरही गळत नाहीत. पुढल्या वर्षी त्याच देठावर पुन्हा कळ्या येतात. हे मला नंतरच्या वर्षांत कळले. देठ तोडला तर त्या जागचे फूल कायमचे गेले.

आता त्या सकाळी. मिस्त्री शिडीवरून ओरडला, "मालक, हितं येल हाय."

"बाजूला कर," मी म्हणालो.

"कशी करू? रिपांस्नी मिठी मारून बसलिया. तोडू?"

"तोडायची नाही," पत्नी खालून म्हणाली.

"आक्का, येल ठिवायची का घर, येवढं सांगा. दोन्ही एका कौलाखाली न्हाईत बसायची."

चाचा म्हणाले, "अरे बाबा, तुला साडेचार रुपये कौलांचे ठरलेत, अक्कल सांगायचे न्हाईत."

"अक्कल फुकट हाय चाचा. घ्या की थोडी."

मी विचारले, वेलीच्या जागेची चार कौले मोकळी ठेवली तर?

"ठिवा. श्रावणात माजघरात मासं धरा."

मृग लागायला फार दिवस नव्हते, आणि गेल्या पाच महिन्यांत झोपडीत आमच्या धाकट्या मुलीला दोनदा ताप येऊन गेला होता. घर कोरडे हवे होते, याबद्दल पत्नीचेही दुमत नव्हते. पण ही वेल आता तिची एकटीची नव्हती. निम्मी तिने देऊन टाकली होती, आणि जिला दिली तिची स्वतःची मेली होती. मी म्हणालो, वरचा भाग कापू, कुंडीतला राहील. ती म्हणाली, "नऊ वर्षं कुंडीतलाच होता. फुलं वरच्याला आलीत."

मी धोतर खोचले आणि शिडी धरली.

मग मी वर चढलो आणि वळसे उलगडू लागलो. टोकाकडचे कोवळे वळसे सुतासारखे सुटले. मला वाटले, तासाभरात काम होईल. जुन्या भागाला आलो तिथे वेल काडीसारखी टणक झाली होती. जरा ताण दिला आणि ती मोडली. पांढरा चीक माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. मोडलेला तुकडा हातभर लांब होता आणि एक फुललेला घोस त्याच्यावरच होता.

"राहू द्या," पत्नी म्हणाली. "वेल रिपांपासून सुटत नसेल, तर रिपा वाशांपासून सोडवा."

मिस्त्रीने एक रीप हाताने हलवून पाहिली. मग म्हणाला, "रिपा खिळं मारून बसिवल्यात, आक्का."

"खिळे निघतात ना?"

"निघत्यात. पर नव्या रिपा लागतील. आन ते काम साडेचारात न्हाय."

"किती?"

"आठ आनं."

"चार."

"आक्का, आदी खिळं बघा, मग बोला. ह्ये खिळं तुमच्या सासऱ्यानं मारल्यात, दोन-दोन बोटं आत गेल्यात."

सहा आण्यांवर जमले. तीन माणसे वर आणि दोन खाली, असे ते काम झाले. मिस्त्रीने वेलीच्या दोन्ही बाजूंना रिपा करवतीने कापल्या आणि खिळे उचकटले. करवत चालताना पाने हलू नयेत म्हणून मी दोन्ही रिपा धरून बसलो होतो. मिस्त्रीचा गडी माझ्याशेजारी वाशावर बसून हसत होता. त्याने याआधी कौले उतरवली होती, वासे उतरवले होते, फुले उतरवली नव्हती. खाली चाचांनी कुंडी खुंटीवरून काढून छातीशी धरली आणि पत्नीने मधला दोरा दोन्ही हातांवर झेलला. दोन रिपा वेलीसकट सुंभाने बांधून आम्ही हळूहळू खाली सोडल्या. मी काय म्हणतो ते पाहिल्याशिवाय पटणार नाही, पण एकाही वळशाची जागा हलली नाही. त्या वेलीने आपले काम इतके नीट केले होते की लाकूड हलले तरी ती हलेना.

त्याच रिपा आम्ही पुढच्या सोप्याच्या वळचणीला टांगल्या. तिथे सकाळचे ऊन येते आणि दुपारचे येत नाही. जागा बदलल्याचा राग वेलीने दाखवला: चारांपैकी दोन घोस आठवड्यात गळले, देठ मात्र राहिले. तांबडी पाने आषाढात पुष्कळशी हिरवी झाली. नवीन निघाली ती आधी किरमिजी रंगाची, मग हिरवी. पुढल्या चैत्रात त्याच देठांवर कळ्या आल्या, आणि त्यानंतर एकही चैत्र चुकलेला नाही. वळचणीला लोंबणारा बिनपानांचा दोरा आमच्या घरात आता दिवाळीतही कोणी कापत नाही. येणारेजाणारे विचारतात, हे वाळके कशाला ठेवले. त्यांना थोडे थांबा म्हणून सांगतो.

मोडलेला तुकडा चाचांनी ओल्या फडक्यात गुंडाळला, वरून जाड पुठ्ठ्याचे घर करून त्यात तो घोस दबणार नाही असा बसवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुपरीच्या रस्त्याला लागले. पत्नीने निम्मी कबूल केली होती आणि ही निम्मी नव्हती, म्हणून तिने चाचांना सांगितले, की हा तुकडा वेगळा. पावसाळ्यात वेल सावरली की कुंडीतल्या तीन लांब फांद्या आणखी देईन. त्या तिने श्रावणात दिल्या. चाची तोपर्यंत परत आल्या होत्या.

कौले तिसऱ्या दिवशी पुरी झाली. संध्याकाळी हिशेब केला. मिस्त्रीला ठरलेले साडेचार रुपये आणि खिळ्यांचे सहा आणे, मिळून चार रुपये चौदा आणे. मी त्याला वेलीची एक फांदी देऊ केली. "फांदी नगं, मालक. त्यापरीस गड्याला दोन आनं द्या, फुलं मोडतील म्हून घाबरून बसलं हुतं वर," तो म्हणाला. ते दोन आणे मी गड्याच्या हातात दिले. दोन नव्या रिपांचे वखारवाल्याचे सात आणे माझ्या पत्नीने आपल्या जवळचे काढले, घरखर्चातून घेऊ दिले नाहीत, आणि मी ते त्याच दिवशी वखारीत नेऊन पोहोचते केले.