दोन सूत

गेल्या नोव्हेंबरात एका बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास ओळंबे मिस्त्री भिंगारच्या रस्त्यावरील आपल्या दुकानासमोर सायकलवरून उतरले. डावा पाय जमिनीला लागला, पण त्याने भार घेतला नाही. ते सायकलीसकट खाली बसले. शेजारच्या चहावाल्याने त्यांना उचलून बाकावर टेकवले. त्यानंतर ते स्वतःच्या पायांवर उभे राहिले नाहीत. बाविसाव्या दिवशी रुग्णालयात वारले. वय एकोणसाठ.

ओळंबे हे आडनाव नव्हे. त्यांच्या खिशात भिंत सरळ उभी आहे का ते पाहायचा पितळी ओळंबा कायम असे, त्यावरून गिऱ्हाइकांनी ठेवलेले नाव. वडील पुणतांब्याचे गवंडी. मिस्त्रींनीही दहा वर्षे भिंती बांधल्या, मग नगरला येऊन सायकली दुरुस्त करू लागले. हत्यारे बदलली, ओळंबा राहिला. सायकलस्वाराला स्टँडवरच्या सायकलीवर बसवायचे, पायडल पुढे आडवे धरायला लावायचे आणि गुडघ्याच्या वाटीपासून दोरी सोडायची. खालचे वजन पायडलच्या आसावर आले पाहिजे. पुढे गेले तर शीट मागे, मागे राहिले तर शीट पुढे. "भित असो का मानूस, ह्यो खोटं बोलत न्हाई," असे ते म्हणत.

शहरात हौशी सायकलवाले वाढले तसे मिस्त्रींकडे पाठदुखीवाले येऊ लागले. पहाटे चांदबिबी महालाचा चढ चढायचा, आठ वाजता घरी यायचे आणि दिवसभर कंबर धरून बसायचे, अशी ही मंडळी. मी त्यांपैकीच एक. वर्तमानपत्राच्या कचेरीत रोज नऊ तास खुर्चीत, त्यात जुन्या बाजारातून घेतलेली वाकड्या हँडलची सायकल. महिन्याभरात मोजे घालायला वाकता येईना.

मिस्त्रींनी आधी सायकलकडे पाहिलेच नाही. "त्या लिंबापतुर जाऊन या," म्हणाले आणि मागून बघत राहिले. परत आल्यावर विचारले, "पेपरवाले, ही सायकल कुनाची?"

"माझीच."

"न्हाई. उंच मानसाची हाय. तुमी तिच्यावर पाहुने. पायडल गाठाया कंबर पाळन्यावानी हलतीय. दिसभर पाळना हलवल्यावर दोरी झिजंल का न्हाई?"

त्यांनी शीट दोन सूत खाली घेतली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, गवंड्या-सुतारांचे माप. मिस्त्री एका वेळी दोन सुतांपेक्षा जास्त कधीच हलवत नसत. हँडल हाताजवळ यावे म्हणून त्याची मान आखूड बसवली, खाली दोन वायसर घालून ती उचलली. "आठ दिवस चालवा. मंग या." दुसऱ्या खेपेला आणखी दोन सूत. तिसऱ्या खेपेची गरज पडली नाही. मोजे घालता येऊ लागले.

प्रत्येक बदलानंतर ते कानस काढत आणि शीटची दांडी सायकलीच्या नळीत जिथे शिरते, तिथे दांडीवर केसाएवढी रेघ ओढत. शीट कोणी हलवली तरी जागा सापडावी म्हणून. नव्या सायकलींचे मालक यावर चिडत. एका बांधकाम ठेकेदाराने तर त्यांचा हात धरला. "ओ मिस्त्री, ऐंशी हजाराची सायकल हाय!"

"बरं. आन पाठ कितीची हाय?" मिस्त्री म्हणाले आणि रेघ ओढली.

त्यांचा एक नियम होता. तो ते प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगत. "तीनदा फिरवीन. चौथ्यांदा माझ्याकडं यायाचं न्हाई, डाक्टरकडं जायाचं." हा नियम त्यांनी कोणासाठी मोडल्याचे मला माहीत नाही. महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या एक बाई चौथ्यांदा आल्या, तेव्हा मी दुकानात होतो. कंबरेच्या उजव्या बाजूची कळ जात नव्हती.

"मिस्त्री, तुम्ही नुसतं थोडं खाली घ्या, बाकी माझं मी बघते."

"मॅडम, ओळंबा सरळ हाय, सायकल सरळ हाय, तुमी बी सरळ बसताय. मंग वाकडं काय तरी आत हाय. ते माझ्या पान्याला लागत न्हाई."

बाई रागाने निघून गेल्या. पंधरा दिवसांनी पेढे घेऊन आल्या. मुतखडा निघाला होता. "केवढा हुता?" मिस्त्रींनी विचारले. बाईंनी चिमटीत दाखवला. मिस्त्रींनी डोळा बारीक करून पाहिले. "दोन सूत," म्हणाले. बाईंना हसू आवरेना.

ते स्वतः केडगावाहून रोज सायकलनेच येत. गिऱ्हाइकांनी काढून टाकलेल्या भागांतून जुळवलेली निळी सायकल, वाकड्या हँडलची. गेल्या ऑगस्टमध्ये त्यांच्या कामात एक बदल झाला. गुडघ्यापासून सोडलेली दोरी ते पूर्वी खाली बसून पाहत. आता ते उभे राहून दोरी धरत आणि वजन कुठे येते ते गिऱ्हाइकालाच वाकून पाहायला सांगत. मी विचारले, "मिस्त्री, काय झालं?"

"पाठ जरा धरलीय. शीट उतरवलीय दोन सूत. बघू."

सप्टेंबरमध्ये ते रंगाच्या उपड्या डब्याऐवजी उंच स्टुलावर बसू लागले. मी पुन्हा विचारले. "शीट उतरवलीय दोन सूत. उतार पडंल." ऑक्टोबरमध्ये सायकलवरून उतरताना ते आधी भिंतीला हात लावताना दिसले. मी तिसऱ्यांदा विचारले. उत्तर तेच होते. कितव्यांदा उतरवली, हे मी एकदाही विचारले नाही. विचारून, पडताळून लिहिणे हे माझे पोटापाण्याचे काम आहे.

नोव्हेंबरात ते पडल्यावर तिसऱ्या दिवशी तपासण्यांचे निकाल आले. कर्करोग फुप्फुसात सुरू होऊन मणक्यांत पोचला होता. कंबरेचे दोन मणके पोखरले गेले होते. डॉक्टर तरुण होते. त्यांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि विचारले, "दुखणं सात-आठ महिन्यांचं तरी असणार. कोणाला दाखवलं का नाही?"

मिस्त्रींची पत्नी आणि तिचे भाऊ यासीनभाई तिथे उभे होते. मीही होतो. भाभी म्हणाल्या, "मी रोज म्हनायचे, दवाखान्यात चला. तर म्हनायचे, सायकलीचं हाय, मलाच कळतं त्यातलं." डॉक्टरांना ते समजले नाही. त्यांनी पुन्हा विचारले, "सायकलीचं म्हणजे?"

मी मिस्त्रींना दोनदा भेटलो. पहिल्या भेटीत त्यांनी खाटेची मूठ फिरवून घेतली. उशाकडची बाजू आधी वर, मग थोडी खाली. "बास, हितं," म्हणाले. नर्सने विचारले, "आता बरं वाटतंय का, चाचा?" ते म्हणाले, "आठ दिवसांनी सांगतो." नर्स हसली. दुसऱ्या भेटीत आवाज खोल गेला होता. आजार काय आहे ते त्यांना सांगितलेले होते. तरी माझे मनगट धरून ते म्हणाले, "पेपरवाले, आजून दोन सूत उतरवाया पायजे हुती."

मी मान हलवली. चार दिवसांनी ते गेले. दफनाला नगरचे चाळीसेक सायकलवाले आले होते. बहुतेक सायकलवरूनच आले. भूगोलाच्या बाई फाटकाबाहेर उभ्या होत्या. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "त्यांना तीनदाचा नियम कोणी सांगितला नाही का हो?"

त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतरच्या रविवारी मी केडगावला त्यांच्या घरी गेलो. निळी सायकल ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवली होती. यासीनभाईंना ती कामावर जायला हवी होती. ते आणि मिस्त्री उंचीने सारखेच. ते सायकलवर बसले आणि लगेच उतरले. गुडघे हँडलला लागत होते.

"भाभी, ही तर लेकराची करून ठेवलीय," मी म्हणालो.

"शेवटी शेवटी तशीच चालवायचे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, उतरायला सोपं पडतं म्हनून."

दांडी नळीत शिरते तिथे कानशीची एक रेघ दिसत होती. यासीनभाईंनी मिस्त्रींच्याच चावीने बोल्ट सैल केला आणि शीट वर उचलायला सुरुवात केली. पहिल्या रेघेखाली नळीतून दुसरी रेघ बाहेर आली. मग तिसरी. यासीनभाई हलकेच ओढत होते. चौथी आली तेव्हा भाभी दारातून पुढे आल्या. पाचवी, सहावी. यासीनभाईंचा हात थांबला. "ओढा," भाभी म्हणाल्या. त्यांनी दांडी पूर्ण बाहेर काढली आणि ओट्यावर ठेवली.

मी टेप मागितला. भाभींनी मिस्त्रींच्या पिशवीतला दिला. पिशवीत ओळंबा होता, दोरी गुंडाळलेली.

दांडीवर एकूण अकरा रेघा होत्या. प्रत्येक दोन रेघांमधले अंतर दोन सूत भरले. सर्वांत खालची रेघ काळवंडलेली होती. सर्वांत वरची अजून चकाकत होती.