सिंगापूर अर्ध्यात सोडलेले काका

रायपूरच्या तात्यापारा वस्तीतल्या आमच्या गल्लीत कुणी भिंतीवर पिचकारी मारली की सिंगापूरवाले काका पाण्याची बादली घेऊन बाहेर येत. भांडण नाही, आरडाओरडा नाही. बादली त्या माणसापुढे ठेवायची, हातात मग्गा द्यायचा आणि शांतपणे म्हणायचं, "भैया, धो दीजिए." तोंडात गुटखा असल्यामुळे समोरच्याला लगेच उलट उत्तर देता येत नसे आणि तेवढ्या वेळात काका जिंकलेले असत. एकदा एका पुढाऱ्याचा ड्रायव्हर भिंत धूत होता आणि पुढारी गाडीत मान खाली घालून बसला होता, हे मी स्वतः गच्चीवरून पाहिलं आहे.

काकांना आडनाव होतं, पण ते विजेच्या बिलापुरतं. घराणं मूळचं वर्ध्याकडचं, रेल्वेच्या नोकरीमागे रायपूरला आलेलं. तरुणपणी कुणा मामाच्या ओळखीने काका सिंगापूरला इंग्रजांच्या गोदीत वेल्डर म्हणून लागले. ते तिथे असतानाच सिंगापूर मलेशियापासून तुटलं आणि एका शहराचाच एक देश झाला. त्या देशाची पहिली काही वर्षं काकांनी पाहिली आणि नंतर जन्मभर तात्यापाऱ्याला ऐकवली. नळाला पाणी आलं तरी सिंगापूर, नाही आलं तरी सिंगापूर. काकू कपाळाला हात लावून म्हणायच्या, "लोकाईले वाटते मी लग्न होऊन रायपूरले आली. मी सिंगापुरातच राहून राहिली."

छत्तीसगड वेगळं राज्य झालं त्याच वर्षी मी अमरावतीहून लग्न होऊन या गल्लीत आले. रायपूर एका रात्रीत राजधानी झालं होतं, पण राजधानीला लागतं ते काहीच जागेवर नव्हतं. मंत्रालय दवाखान्याच्या जुन्या इमारतीत बसलं. माझे मिस्टर तिथे कारकून. घरी येऊन रोज कुरकुर करायचे, की टेबल आहे तर खुर्ची नाही, खुर्ची आहे तर साहेब नाही. एकदा आम्ही जेवत असताना काका आले आणि त्यांनी मिस्टरांना दटावलं, "नव्या राज्याले नव्या सुनेवानी वागवा. आल्याबरोबर भाजीत मीठ कमी आहे म्हणू नका." त्या दिवशी माझ्या भाजीत मीठ खरंच कमी होतं. सासूबाई काकांकडे पाहत राहिल्या आणि मुकाट्याने जेवल्या. तेव्हापासून काका माझे झाले.

त्या नव्या राज्याचा उत्साह आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त. उरला औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमधून नुकतेच निवृत्त झाले होते, त्यामुळे वेळही होता. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी कडुनिंबाची रोपं लावली. पहिली बकऱ्यांनी खाल्ली. दुसऱ्या खेपेला काट्यांचं कुंपण केलं, तर रस्ता रुंद करायला आलेल्यांनी कुंपणासकट उचलली. तिसरी खेप लावताना मी म्हटलं, "काका, काहून एवढा त्रास घेऊन राहिले?" मी एव्हाना काकांशी माहेरच्या बोलीत बोलू लागले होते. काका हात झटकत म्हणाले, "अवं, बकऱ्याईचंही राज्य आहे. त्याईले खाऊ दे, आपण लावू." तिसऱ्या खेपेतलं एक झाड जगलं, तेही वाकडं.

पण काकूंचा जीव इथे रमत नव्हता. मुलगा पुण्याला, नातवंडं पुण्याला आणि इथे गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर कारखान्यांची काळी धूळ. त्यांना दम लागायचा. मुलगा दर फोनवर "या" म्हणायचा, काकू "येतो" म्हणायच्या आणि काका फोन ठेवून द्यायचे. काकू एकटीने जायला तयार नव्हत्या, काका दुकट्याने. मला दोघांचंही पटायचं, पण काकूंना दम लागलेला पाहिला की काकांचा राग यायचा. एका दुपारी मी त्यांना सरळच विचारलं, "काकूंकडे पाहून तरी का नाही जात?"

काकांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "सूनबाई, वेगळं झाल्या दिवशी ज्या सिंगापूरचा प्रधानमंत्रीच टीव्हीवर रडला, तो देश किती दिवस टिकन, असं मले वाटलं. पिण्याचं पाणी शेजाऱ्याचं. इंग्रज म्हणे, आम्ही चाललो. गोदीतल्या साहेबानं मले विचारलं, इथला नागरिक होशीन का? माझा जोडीदार चिनी मिस्तरी म्हणे, थांब, चार वर्षं पाह्य. मी नाही थांबलो."

"मग त्या उंच उंच इमारती, ते आरशासारखे रस्ते? तुम्हीच तर सांगता."

"ते कॅलेंडरात पाहिले," काका म्हणाले. "मी होतो तवा तिथं चिखल होता न् डास होते. सगळं माझ्या मागं झालं. आता इथंही चिखल आहे न् डास आहेत. पुन्हा अर्ध्यातून उठून जाऊ?"

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

त्या दिवाळीला मुलगा दोघांची तिकिटं काढूनच आला. काका झोपाळ्यावर तोंड फिरवून बसले. मुलगा समजूत घालत होता, मी फराळाचं ताट घेऊन दारातच अडकले होते. शेवटी काकूच म्हणाल्या, "बापू, मले यायचं आहे. लई यायचं आहे. पण याईले उचलून नेशीन, तर हे तिथं सकाळ-संध्याकाळ रायपूर रायपूर करतीन. एक सिंगापूर मी ऐकलं जन्मभर. दुसरं ऐकाची ताकद नाही माह्यात. राहू दे आमाले इथंच." काकांनी तोंड काकूंकडे वळवलं. त्यांचे डोळे भरले होते. ते उठले आणि माझ्या ताटातला अनारसा उचलून त्यांनी काकूंच्या हातात दिला. तिकिटं परत गेली. मात्र दर हिवाळ्यात, धूळ वाढली की, काका काकूंना दोन महिने पुण्याला घेऊन जाऊ लागले, आणि तिथे, काकूंच्या साक्षीने सांगते, तोंडातून रायपूरचं नाव काढत नसत.

काका आणखी बरीच वर्षं जगले. मंत्रालय गावाबाहेर मोठ्या इमारतीत गेलं, उड्डाणपूल झाले, मॉल झाले. धूळ राहिली, बकऱ्या राहिल्या. शेवटच्या आजारपणात मी त्यांच्या उशाशी बसले होते. म्हटलं, "काका, झालं का हो आपलं सिंगापूर?"

"कुठचं होते," ते म्हणाले. "पण यावेळी पाहाले मी होतो."

त्या उन्हाळ्यात काका गेले. काकू आता पुण्याला असतात, सुखात आहेत. माझी मुलगी बंगलोरला नोकरी करते. दर रविवारी हिंदीत विचारते, "आई, आप लोग वहाँ क्या कर रहे हो अभी तक?" मी मराठीतच सांगते की पाहून राहिलो.