क्लॅरिनेटच्या खोलीतली हवा

विश्रांतवाडीतली आमची इमारत उतारावर आहे. पुढून पाहिली तर दोन मजली, मागून पाहिली तर अडीच. तळमजल्याचं घर आमचं, आणि उतारामुळे त्याच्या खाली निघालेली एक खोलीही आमचीच. तीन बाजूंनी जमिनीत गेलेली, काळ्या दगडाच्या भिंतींची, खाली शहाबादी फरशी आणि मागच्या अंगाला जमिनीलगत एक झरोका. बरीच वर्षं तिथे सायकल, कूलर आणि दिवाळीचे आकाशकंदील राहत होते.

ह्यांनी शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं होतं. लग्नानंतर आम्ही ह्या घरात आलो तेव्हा रविवारी सकाळी हॉलमध्ये बसून सराव करायचे. एका रविवारी मी पुढच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीतून वाकले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "वहिनी, तुमच्या नळाने हवा धरली आहे का? सकाळपासून आवाज येतोय. प्लंबरचा नंबर देऊ?"

मी मागे वळून पाहिलं. हे दारातच उभे होते, हातात क्लॅरिनेट. हसले. आत जाऊन त्यांनी ते पुसलं, पेटीत ठेवलं आणि पेटी कपाटावर टाकली. मुलगी शाळेत गेली, कॉलेजात गेली, पेटी तिथेच होती. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आधी, मी तिच्यावरची धूळ झटकत असे.

मुलगी नोकरीसाठी बंगलोरला गेली त्या वर्षी त्यांनी पेटी स्वतःहून खाली काढली. मला विचारलं, ती खालची खोली मिळेल का. अट एकच होती, आवाज बाहेर जायला नको. "कोणालाही ऐकू येता कामा नये. तुलासुद्धा."

असं काम मला द्यावं आणि ते अर्धवट राहावं, असं होत नाही. मी मोजमापं घेतली, सामानाची यादी केली आणि कामाला लागले. गवंड्याकडून झरोका विटांनी बुजवून वर गिलावा करून घेतला. दाराच्या चौकटीला रबरी पट्टी लावली. घरातल्या जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून त्याचे जाड तक्के करून घेतले आणि ते भिंतींना ठोकले, छताला फोम चिकटवला. मग हे खाली वाजवत बसले आणि मी तपासायला निघाले. मागचं अंगण, जिना, अगदी काकांच्या दारापर्यंत जाऊन आले. काही नाही. खाली जाऊन तसं सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं, ते पाहून माझे खांदे दुखायचे थांबले.

मग चहाचे कप विसळायला मी सिंकपाशी गेले, आणि ऐकू आलं.

सिंकचा सांडपाण्याचा पाईप जिथे फरशीतून खाली जातो, तिथे पाईपभोवती बोटभर फट होती. खालच्या कपाटाचं दार उघडलं की सूर अगदी स्वच्छ येत होता. ही फट बुजवायची राहिली होती. अर्धी पिशवी सिमेंट शिल्लक होतं. मी कपाटाचं दार लावलं आणि कप पुसून जागेवर ठेवले.

पुढची तीन-चार वर्षं आमच्या घरात संध्याकाळ तशीच झाली. हे खडकीच्या कारखान्यातून स्कूटरवर यायचे, चहा घ्यायचे, खाली जायचे. मी भाजी घेऊन सिंकपाशी उभी राहायचे. मला गाण्यातलं फारसं कळत नाही. पण रोज ऐकलं की घरातल्या माणसाच्या पावलांसारखं ओळखीचं होतं. एक जुनं नाट्यपद त्यांनी धरलं होतं. सुरुवात चांगली यायची. अंतऱ्यात वर जाताना एका जागी श्वास कमी पडायचा, सूर फाटायचा, ते थांबायचे आणि पुन्हा पहिल्यापासून घ्यायचे. तिथे आले की माझा मेथी निवडणारा हात थांबायचा. कधीकधी मीही श्वास धरून ठेवत असे, जणू त्याचा त्यांना उपयोग होणार होता. जेवताना ते सांगायचे, आज बरं झालं. मी विचारायचे, हो का.

माझी भाची, बहिणीची मुलगी, विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकत होती. घरांमधला रेडॉन वायू मोजायचा तिचा प्रकल्प होता आणि त्यासाठी तिला घरं हवी होती. ती एका रविवारी प्लॅस्टिकचे छोटे कप घेऊन आली. प्रत्येक कपात फिल्मचा एक तुकडा असतो, कप तीन महिने छताला टांगून ठेवायचा, मग प्रयोगशाळेत त्या फिल्मवर उमटलेल्या बारीक खुणा मोजायच्या, असं ते काम. एक हॉलमध्ये लावला, एक झोपायच्या खोलीत, आणि एक, खोली दिसली म्हणून, तळघरात. ह्यांनी त्या कपाचं नाव श्रोता ठेवलं. म्हणाले, वाजवणाऱ्याला असा श्रोता मिळायला नशीब लागतं, तीन महिने हलत नाही आणि काही बोलत नाही.

निकाल सांगायला तिने फोन केला नाही, स्वतः आली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. वरच्या दोन खोल्यांत काळजीचं काही नव्हतं. तळघराचा आकडा मात्र तिने जेवढी घरं मोजली होती त्या सगळ्यांत वरचा होता. तिने नीट समजावलं. हा वायू जमिनीतून येतो, दगडामातीतून, सगळीकडेच थोडाफार. त्याला वास नाही, रंग नाही. फरशीच्या सांध्यांतून, भेगांतून वर येतो. वाहती हवा असली की निघून जातो, कोंडलेल्या खोलीत साठतो. एका दिवसात काही होत नाही. पण वर्षानुवर्षं श्वासातून आत गेला तर फुप्फुसांना वाईट.

आणि हे तिथे रोज तास-दीड तास, सामान्य माणूस घेत नाही असे पोटापासून खोल श्वास घेत बसले होते. लग्नाआधी सिगारेट ओढायचे ती वेगळीच. भाची बोलत होती आणि मी समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाची छाती वरखाली होताना पाहत होते.

मी लगेच कामं लिहून काढली. शहाबादी फरशीचे सांधे खरवडून नव्याने भरणे. भिंत आणि फरशीमधली भेग सिलिकॉनने बंद करणे. आवाज न जाऊ देणाऱ्या वळणदार नळीतून आतली हवा बाहेर ओढायला पंखा बसवणे. खालची हवा वर घरात चढू नये म्हणून छतातल्या फटी बुजवणे. हे शेवटचं भाचीने सांगितलं होतं. सगळी कामं एका आठवड्यात उरकली. पाईपभोवतीची फट मात्र मी शेवटपर्यंत ठेवली. मग एका दुपारी स्वतःच सिंकखाली आडवी झाले आणि बोटाने सिमेंट दाबून ती भरली. संध्याकाळी मी कोथिंबीर निवडायला उभी राहिले तर नुसता नळ ठिबकत होता. त्यानंतर मी भाजी हॉलमध्ये टीव्हीसमोर बसून निवडायला लागले.

पंख्याबद्दल ह्यांची एकच तक्रार होती, की तो जो सूर धरतो तो जरा उतरलेला आहे. बाकी वाजवणं चालू होतं. तीन महिने दुसरा कप टांगला होता.

दुसरा आकडा पहिल्यापेक्षा जास्त आला.

मी भाचीला विचारलं, मोजण्यात चूक तर नाही? तिने खोली फिरून पाहिली, दाराच्या रबरी पट्टीवर बोट फिरवलं आणि कपाळाला हात लावला. "मावशी, तू खोली बरणीसारखी बंद केली आहेस. पंखा हवा बाहेर ओढतोय, पण आत यायला वाटच नाही. मग तो ती जमिनीतून ओढतो. सांधे कितीही भर, दगडी भिंतीला बारीक वाटा असतातच." पूर्वी पाईपच्या फटीतून थोडी तरी हवा येत होती, तीही आता बंद झाली होती. उपाय एकच होता. झरोका उघडायचा, दाराची पट्टी काढायची, आणि पंखा उलटा बसवून बाहेरची हवा आत ढकलायची.

ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे आवाज बाहेर जाणार."

"जाणारच," भाची म्हणाली.

"मग राहू दे."

चिडून नाही, चहा नको म्हणावं तसं म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी क्लॅरिनेटचे भाग सुटे केले, आतून फडकं फिरवलं, पेटीत ठेवले. पेटी कपाटावर गेली. मी म्हटलं, वर घरात झोपायच्या खोलीत वाजवा, तिथली हवा उत्तम आहे. ते फक्त हसले. तेच हसणं, अंगणाच्या दारातलं.

दोन-तीन आठवडे गेले. हे संध्याकाळी पेपर वाचायचे, तोच पेपर जो सकाळी वाचलेला असायचा. हवा सुधारायची म्हणून मी एवढं केलं आणि श्वास घेणारा माणूसच त्या खोलीतून उठला होता. गवंड्याचा फोन नंबर माझ्याकडे होता, पंखेवाल्याचा होता. पण ज्याच्यासाठी झरोका फोडायचा तो खाली जाणारच नसेल तर फोडून काय करायचं? जे सांगायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. ते सांगितलं की एक तर ते खाली जातील, नाही तर पेटी पुन्हा कधीच उतरणार नाही. कोणतं होईल ह्याचा मला खरंच अंदाज नव्हता.

एका संध्याकाळी ते स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले. मी सिंकखालचं कपाट उघडलं आणि पाईपभोवतीचं नवं सिमेंट दाखवलं.

"अहो, इथे फट होती. मला सगळं ऐकू यायचं. पहिल्या दिवसापासून."

ते भांडं हातात धरून खाली वाकले, सिमेंटकडे बघत राहिले.  मग विचारलं, "रोज?"

"रोज. भाजी इथेच निवडायची ना मी."

"आणि बोलली नाहीस."

"बोलले असते तर वाजवलं असतंत का?"

ते उभे राहिले. भांडं ओट्यावर ठेवलं, पुन्हा उचललं. त्यांचे कान लाल झाले होते. पन्नाशी उलटलेल्या माणसाचे कान असे लाल होतात हे मला माहीत नव्हतं.

"कसं वाटायचं?"

मला गोड बोलता येत नाही, आणि खोटं बोलून उपयोग नव्हता. मी म्हटलं, "अंतऱ्यात वर जाताना श्वास कमी पडतो तुमचा. त्याच्या आधीच्या ओळीत उगाच लांबवता म्हणून. तिथे लवकर सोडलंत तर पुरेल."

त्यांनी भांडं विसळून पालथं घातलं. मग म्हणाले, "गवंडी कधी येतो विचार."

झरोका फोडायच्या आदल्या दिवशी मी वर काकांकडे गेले. न सांगता आवाज सुरू करणं मला पटत नव्हतं. काका आता ऐंशीच्या पुढे होते, काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. मी त्यांना वायू, कप, पंखा सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"म्हणजे वाजवल्याने प्रकृती बिघडत नाही, हवेने बिघडते. ठीक. आमच्या प्रकृतीचं काय होईल ते मोजायला काही कप आहे का?"

मी हसले. ते नाही. मग मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, फार पूर्वी तुम्ही नळाने हवा धरली का म्हणून विचारलं होतंत, तेव्हापासून ते संकोचतात. काका विचार करत राहिले. त्यांना काहीही आठवत नव्हतं. "मी? प्लंबरचा नंबर तर माझ्याकडे कधीच नव्हता." आणि मी जिन्याशी पोचले तेव्हा मागून म्हणाले, "गुरुवारी मी पोथी वाचतो. गुरुवार सोडून वाजवा म्हणावं."

हे मी घरी सांगितलं, न आठवण्याचं सुद्धा. ह्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. "काहीच नाही आठवत?" मग स्वतःशीच मान हलवत बसले.

गवंड्याने विटा काढल्या, झरोक्याला जाळी बसवली. भिंतींवरचे तक्के मी राहू दिले, त्यांचा हवेला अडथळा नव्हता. दाराची पट्टी ह्यांनी स्वतः उचकटली. पंखा उलटा बसला आणि सूर तोच उतरलेला राहिला. पहिले काही दिवस ते इतकं हळू वाजवत होते की झरोक्यापाशी उभं राहूनही नीट ऐकू येत नव्हतं. मी पाईपची फट पुन्हा उघडली नाही. वायू वर येऊ द्यायचा नाही, हे काम म्हणून पक्कंच होतं. त्याऐवजी मी मागच्या पायरीवर, झरोक्याच्या वरच, पाट टाकला आणि भाजीची परात तिकडे नेली. त्यांना आतून माझे पाय दिसत असणार.

तिसऱ्या कपाचा निकाल भाचीने फोनवरच सांगितला. आकडा खूप खाली आला होता. पावसाळ्यात गारठा वाटला तरी झरोका बंद करायचा नाही, एवढं बजावून तिने फोन ठेवला. तेव्हा संध्याकाळ झालीच होती. मी पायरीवर गेले, गवार घेतली होती. वरच्या गॅलरीत वेताची खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि थांबला. खाली त्यांनी ते पद सुरू केलं, आवाज आता भरलेला होता. अंतऱ्याच्या आधीची ओळ आली आणि त्यांनी ती लवकर सोडली. गवारीची शेंग माझ्या बोटांत तशीच राहिली. त्यांनी श्वास घेतला, तो मला जाळीतून ऐकू आला, आणि ते वर गेले.

पुरला.