टायरमधली हवा

बाबा पुण्याहून आमच्याकडे आखातात, खलिफा सिटीला आले होते, म्हणून आम्ही लिवाचं वाळवंट बघायला निघालो. वाळूत मऊ टायरच चालतात, त्यामुळे डांबरी रस्ता सोडण्याआधी पंपावर मी चारही टायरांतली हवा कमी केली आणि लेकीला बाथरूमला घेऊन गेले. तेवढ्यात बाबांनी हवा पुन्हा गच्च भरून घेतली. मला सांगितलंही नाही.

पहिल्याच टेकाडावर गाडी पोटापर्यंत रुतली.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी ओरडलेच.

"अगं, चारही टायर बसले होते. म्हटलं, लांबचा प्रवास आहे."

"मम्मा, डोन्ट शाउट ॲट आजोबा," लेक म्हणाली.

मी तणतणत हवा सोडली. इस्त्रीच्या शर्टातले बाबा गुडघे टेकून दोन्ही हातांनी चाकांपुढची वाळू उपसत होते. तासाभराने गाडी निघाली.

परतताना त्याच पंपावर थांबलो. आमच्या घरात बाबांनी कधी कुणाला विचारून काही केलेलं मला आठवत नाही. हवेची नळी हातात धरून ते माझ्याकडे बघत उभे राहिले.

"आता भरू का गं?"