कंटेनरमधली झालर

निळा कंटेनर घेऊन ट्रेलर आमच्या शेडसमोर उभा राहिला, तेव्हा मी त्याच्याभोवती तीन चकरा मारल्या. चौथी मारणार होतो, पण ड्रायव्हर बघत होता. लाखनीजवळच्या आमच्या शेतकरी कंपनीचा माल पहिल्यांदाच देशाबाहेर चालला होता. वर्षाहून जास्त काळ पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीला बंदी होती. ती उठली आणि दुबईच्या एका व्यापाऱ्याने आमचा सुवासिक चिन्नोर तांदूळ मागवला. आमच्या तलावांच्या पाण्यावर पिकलेला तांदूळ समुद्र ओलांडणार, या विचाराने मला आठवडाभर नीट जेवण गेलं नव्हतं.

मी कंपनीचा व्यवस्थापक. कस्टमचे सगळे कागद माझ्याच हातचे. नियम मी इतके पाठ केले होते की इतरांना त्यांचा जाच व्हायचा. पॅकिंगच्या बायकांना मी केसातली फुलं काढायला लावायचो. शेडमध्ये चिवडा खाल्ला म्हणून एकीला घरी पाठवलं होतं. त्या सकाळी पॅकिंगची मुख्य बाई हळदकुंकवाचं ताट आणि नारळ घेऊन आली. कंटेनरच्या आत पूजा करायची म्हणाली. मी सगळ्यांसमोर तिला झापलं. आत तांदळाशिवाय काडीही जाणार नाही, परदेशात गवताची काडी सापडली तरी माल परत येतो, असं बरंच काही बोललो. तिने ताट गुपचूप बाजूला ठेवलं.

आणि तासाभराने मी स्वतः काय केलं?

आमच्याकडे नवं धान निघालं की लोंब्या गुंफून झालर करतात आणि दारावर टांगतात. चिमण्यांनी खावं म्हणून. त्या सकाळी निघताना मी आमच्या दारावरची झालर काढून पिशवीत घातली होती. कशाला, ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. शेवटचं पोतं आत गेलं, सगळे चहाला गेले. दारं उघडीच होती. मी पिशवी घेऊन आत शिरलो आणि दाराजवळच्या कडीला, पोत्यांच्या आड, झालर अडकवली. इतका आनंद मला लग्नातही झाला नसेल. मग दारं लागली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी माझ्या हाताने सील ठोकलं आणि आत फक्त तांदूळ असल्याच्या कागदावर सही केली.

ट्रेलर नागपूरच्या कंटेनर डेपोकडे निघाला. दुपारी तिथल्या आमच्या एजंटचा फोन आला. त्याने सहज विचारलं, आत दुसरं काही नाही ना? गेल्याच महिन्यात कुणाच्या तरी मालात टरफलासकट धान सापडलं होतं. धान म्हणजे बियाणं, त्याला वेगळी परवानगी लागते. सगळा कंटेनर अडकला होता.

"नाही," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि पहिला विचार मनात आला तो असा: सापडलंच, तर लोक त्या बाईचं नाव घेतील. पूजा करायची म्हणून तीच तर सगळ्यांसमोर बोलली होती. हा विचार येताच मला हायसं वाटलं. झालर अडकवली त्यापेक्षा, सही केली त्यापेक्षाही, त्या एका क्षणाच्या हायसं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

मी मोटारसायकल काढली. ट्रेलरला गाठून उपयोग नव्हता. सील अधिकाऱ्यासमोरच तोडता येतं. भंडारा मागे पडलं, मौदा मागे पडलं. डेपोतल्या कस्टमच्या अधिकारी मॅडमला काय सांगायचं याची हेल्मेटमध्ये मोठ्याने तालीम करत होतो. डेपोत पोहोचलो तेव्हा आमचा कंटेनर रांगेत उभा होता. एजंटने माझं ऐकून कपाळाला हात लावला. म्हणाला, भाऊ, गप्प राहा, रोज कोण उघडून बघतं? मी त्याला न जुमानता आत गेलो.

अधिकारी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कोणी ठेवलं?"

"मीच. सहीही माझीच आहे."

त्यांनी माझ्याकडून लेखी घेतलं. सील तोडलं, झालर काढून तिची नोंद केली, पोती तपासायला लावली. पुन्हा कीड मारायची धुरी, पुन्हा तिचा दाखला, नवं सील. आमचं जहाज चुकलं. पुढच्या जहाजाला आठ दिवस होते. तेवढे दिवस व्यापारी थांबेल की नाही, ते कोणीच सांगू शकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सगळ्यांना बोलावून मी सांगितलं. आमचे अध्यक्ष, एकोडीचे एक म्हातारे शेतकरी, ज्यांना आम्ही काकाजी म्हणतो, ते पायाकडे पाहत उठले. मग म्हणाले, "आमी अडाणी म्हणून तुले ठेवलं ना बापा." एवढंच. मी त्या बाईकडे वळलो आणि माझ्या मनात तिच्याबद्दल काय आलं होतं, तेही सांगितलं. ते सांगणं सगळ्यात कठीण गेलं.

तिने पोत्याचं तोंड शिवणं थांबवलं नाही. शिवता शिवताच म्हणाली, "पुढच्या टायमाले दार लावायच्या आंधी आत मी पायीन. अन् तुमचे खिसे बी पायीन, सर."

बायका हसल्या. काकाजीही हसले.

व्यापारी थांबला. माल पोहोचला आणि महिन्याभरात त्याने दुसरा कंटेनर मागवला. त्या दिवशी शेवटचं पोतं आत गेल्यावर ती टॉर्च घेऊन आत गेली, कोपरान् कोपरा पाहून बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मी दोन्ही खिसे उलटे केले. तिने मान हलवली, तेव्हा मी सील ठोकलं.