पाच नंबरचं फडकं

माझ्या ताईच्या गॅरेजात सात फडकी आहेत. कडा दुमडून शिवलेली, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात जाड लाल दोऱ्याने एक ते सात आकडे काढलेले. घरात शर्टाचं बटण तुटलं तर ताई वर्षभर सुईला हात लावणार नाही, पण ही फडकी तिने स्वतः शिवली आहेत. इंजिनाची जितकी तोंडं उघडी पडतील तितक्यांत फडकं कोंबायचं, वीतभर शेपूट बाहेर लोंबत ठेवायचं, आणि चावी फिरवायच्या आधी सातही फडकी टेबलावर ओळीने मांडायची. सहाच दिसली तर चावी नाही. गॅरेज काढलं त्या वर्षी तिच्या हातून एका ट्रकच्या इंजिनात नट पडला होता. ते इंजिन अकरा मिनिटं चाललं. ती अकरा मिनिटं ताई विसरलेली नाही, आणि आम्हालाही विसरू देत नाही.

मी समोरच्या दवाखान्याची गाडी चालवतो. डिझेलची, चारही चाकांना जोर असलेली. वरच्या वस्तीतल्या चार पेशंटना दर मंगळवारी आणि शुक्रवारी खाली डायलिसिसला आणायचं. वाट नदीच्या पात्रातून, गोट्यांवरून जाते. साध्या गाडीचं तिथे कामच नाही. त्या चौघांतली एक आमची आई. खाली राहायला ये म्हणून तिला किती विनवलं, पण ती मावशीला आणि स्वतःच्या घराला सोडायला तयार नाही. हट्टीपणात आमच्या घरात कोणीच कमी नाही.

त्या मंगळवारी सकाळी दवाखान्याच्या आवारात मी गाडी सुरू केली आणि ती माझ्या ताब्यात राहिलीच नाही. पाय लावला नव्हता तरी इंजिन चढत गेलं, मागून निळापांढरा धूर उसळला. चावी बंद केली. काढून हातात घेतली. तरी ते किंचाळतच होतं. टर्बोचं, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, सील गेलं की डिझेलचं इंजिन स्वतःचंच तेल पिऊन धावत सुटतं, मग चावीला कोण विचारतो! अशा वेळी टॉप गिअर टाकायचा, ब्रेक दाबायचा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं, हे मला पाठ होतं. मी दार उघडून पळालो. अठरा वर्षांचा अनुभवी ड्रायव्हर, हातात चावी घेऊन भिंतीला चिकटून उभा.

रस्त्यापलीकडून ताई एक लाकडी फळी घेऊन धावत आली. तिने बॉनेट उघडलं, एअर फिल्टरचं झाकण उपटलं आणि फळी हवेच्या तोंडावर दाबून धरली. इंजिन गुदमरून बंद पडलं, पण त्याआधी धाडकन आवाज झाला होता. पिस्टनची दांडी इंजिनाची भिंत फोडून बाहेर आली होती. ताईने भोकात बोट घालून पाहिलं, मग गाडीत डोकावली. माझ्या सीटमागे ती बराच वेळ बघत राहिली आणि हात पुसत निघून गेली.

आईचा मंगळवार बुडाला. शुक्रवार बुडता कामा नये, अंगात साठलेलं पाणी फुप्फुसात उतरेल, असं डॉक्टरांनी बजावलं. शुक्रवारचा नंबर दुपारी दोनचा होता. चुकला तर थेट सोमवार. रोज फोनवर मावशी सांगायची, बरी आहे, ठणठणीत आहे, तुम्ही काळजी करू नका. माझा जीव तरीही टांगणीला लागला होता.

बुधवारी ताईने भंगारवाल्याकडून तसंच इंजिन शोधून आणलं, दरीत घसरलेल्या एका गाडीचं. गुरुवारी आम्ही ते चेनपुलीला लटकवून बोट-बोट खाली सोडलं. गिअरबॉक्सला नीट बसेपर्यंत ताईने ते तीनदा वर घेतलं. मी प्रत्येक वेळी चडफडलो. ती मला घाईमास्तर म्हणते, त्यात खोटं काही नाही.

शुक्रवारी सकाळी दहाला सगळं जोडून झालं. वर जायला दीड तास, खाली यायला दीड तास. साडेदहाला निघायलाच हवं होतं. ताईने फडकी मांडली. सहा. पाच नंबर नव्हतं.

तिने टेबलाखाली पाहिलं, गाडीखाली पाहिलं. घड्याळाचा काटा मला डोळ्यांत टोचत होता. मी म्हणालो, "ते मी टाकलं काल. तेलाने चिंब झालं होतं."

"कुठे?"

"कचऱ्याच्या डब्यात."

ताईने डबा उचलून जमिनीवर पालथा केला. फडकं नव्हतं.

"माझ्याकडे बघून सांग. टाकलंस?"

"टाकलं," मी म्हणालो. सख्ख्या बहिणीच्या डोळ्यांत बघून.

तेवढ्यात मावशीचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती. बुधवारपासून आईचे पाय सुजले होते, काल संध्याकाळपासून आडवं होता येत नव्हतं, बसूनच होती; मुलांना सांगू नकोस म्हणून आईनेच शपथ घातली होती. मी ताईला म्हणालो, आता तरी चावी फिरवू दे. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने पाना उचलला आणि हवेचा पाइप खोलायला घेतला.

मी तिला नको नको ते बोललो. तुला आईपेक्षा फडकं मोठं, असंही म्हणालो. ती ऐकत होती आणि नट सोडवत होती. पहिला पाइप रिकामा. दुसरा रिकामा. तिसऱ्याच्या वळणात तिने दोन बोटं घातली आणि हळूच ओढलं. फुलाफुलांचं कापड, कोपऱ्यात लाल पाच.

मग मला आठवलं. गुरुवारी ती पाणी प्यायला गेली होती, एक तोंड उघडं दिसलं, आणि तिला मदत म्हणून मीच ते कोंबलं होतं. पार आत. शेपूट न ठेवता. ते तसंच राहिलं असतं तर आईला घेऊन नदीच्या पात्रात आम्ही बंद पडलो असतो.

ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फडकं सहाच्या ओळीत ठेवलं, पाइप पुन्हा जोडला, फळी दोन्ही हातांत धरून हवेच्या तोंडाशी उभी राहिली आणि मला मानेने खूण केली. मी चावी फिरवली. इंजिन खोकलं, धरलं, चढलं आणि उतरून एका लयीत चालू लागलं. पूर्ण एक मिनिट ताईने फळी खाली घेतली नाही. मग ती फळीसकट गाडीत बसली. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

तिने डायलिसिस सेंटरच्या नर्सला फोन केला. अडीचपर्यंत थांबते, पुढे एक मिनिट नाही, असं नर्स म्हणाली. मग पहिल्या चढावर ताई बोलली.

"सीटमागे तेलाचे चार रिकामे डबे होते."

मी गिअर बदलला.

"गाडी महिनाभर तेल पीत होती ना? मला का नाही सांगितलंस?"

"तू गाडी अडकवून ठेवली असतीस. आईची फेरी चुकली असती."

"टर्बोचं काम एका दिवसाचं," ती म्हणाली. "बुधवारी केलं असतं. बुधवारी कुठे फेरी असते?"

पुढचा सगळा रस्ता मी तोच हिशोब करत होतो. महिन्यात चार बुधवार येऊन गेले होते.

आईला खुर्चीसकट उचलून पुढच्या सीटवर बसवलं. पायांत चपला जात नव्हत्या. बाकीचे तिघे मागे ताईजवळ बसले. पात्र ओलांडताना गाडी एकदाही कुरकुरली नाही, पण आईचा प्रत्येक श्वास मला इंजिनावरूनही ऐकू येत होता. आम्ही दोन पंचवीसला पोचलो. नर्स दारातच उभी होती.

मशीन सुरू झाल्यावर तासाभराने आईचा श्वास शांत झाला. तिने विचारलं, गाडीचं इंजिन कशाने गेलं? ताई खिडकीशी उभी होती. सांगू शकली असती, पण बोलली नाही.

"माझ्यामुळे," मी म्हणालो. "महिनाभर बिघडत होतं. तुझी फेरी चुकेल म्हणून मी लपवलं."

आई थकलेलं हसली.

"आणि तू घाबरून घाई करशील म्हणून मी सूज लपवली," ती म्हणाली. "माझ्यावरच गेलास."

ताई वळली. तिचे डोळे भरून आले होते, काळे हात तसेच दोन्ही बाजूंना लोंबत होते.

"दोघंही मला सांगत जा," ती म्हणाली. "फळी घेऊन किती वेळा धावू मी?"