झाडाला शाल

माणसाला शहाणं करायचं तर त्याच्यावर नाटक बसवावं, अशी माझी समजूत होती. आयुष्यभर शाळेत शिकवल्यामुळे असल्या समजुती टिकतात.

जबलपुरात आमच्या मराठी मंडळाच्या अंगणात एक कडुनिंब होता. आमचं घर शेजारीच, वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. उन्हाळ्यात तिथे तव्याशिवाय पोळ्या भाजल्या असत्या. म्हणून माझी म्हातारी आत्या रोज संध्याकाळी निंबाखाली खुर्ची टाकून बसायची. तिच्या मैत्रिणी यायच्या, भाज्या निवडल्या जायच्या, समाजातली निम्मी लग्नं तिथेच जमायची.

अध्यक्षांनी ठरवलं, निंब तोडून एसी हॉल बांधायचा. "गर्मी किती वाढून राहिली, बाई. बाहेर बसवत नाही."

त्यांच्याशी भांडणं कठीण. सभ्य माणूस, आवाज चढवला की चहा मागवतात. म्हणून गणेशोत्सवासाठी मी प्रहसन लिहिलं. शहरातल्या शेवटच्या झाडाखाली कार्यकारिणी बसते आणि ते झाड तोडायचा ठराव करते, कारण त्याची सावली सगळ्यांना पुरत नाही. झाडाचं काम आत्याला दिलं. अंगावर निंबाचे डहाळे लावून खुर्चीत बसायचं आणि शेवटी एकच वाक्य: "इथंच बसून ठरवा, बाहेर ऊन आहे."

नाटकातल्या अध्यक्षाचं काम आमच्या अध्यक्षांनी मागून घेतलं. "हा माणूस मला बराबर समजला," म्हणाले. काम झकास केलं. लोक पोट धरून हसले. पडदा पडल्यावर डोळे पुसत ते माझ्याकडे आले, "बाई, डोळे उघडले आमचे."

"निंब वाचला," मी आत्याला सांगितलं.

"मग तो इतका हसून काहून राहिला होता?" आत्या म्हणाली.

पुढची बैठक निंबाखालीच भरली, कारण मंडळाच्या जुन्या हॉलमध्ये उकडत होतं. अध्यक्ष म्हणाले, पंख्यांच्या घरघरीत अर्धे संवाद ऐकूच आले नाहीत. इतक्या चांगल्या नाटकाला एसी हॉलच पाहिजे. ठराव एकमताने पास झाला, सोबत माझ्या अभिनंदनाचाही. मी उभी राहून म्हटलं, झाड तोडू नका. सगळे हसले. त्यांना तो नाटकातलाच संवाद वाटला.

हॉलच्या उद्घाटनाला लोकाग्रहास्तव तेच नाटक ठेवलं. डहाळे कुठून आणणार? ओमतीच्या बाजारातून प्लास्टिकची पानं आली. मी नको म्हणत होते, पण आत्या म्हणाली, "चल, पाहू तर दे काय बांधलं."

एसी जोरात होता. नाटकाच्या मध्येच झाड कुडकुडायला लागलं. अध्यक्षांनी पाहुण्यांच्या सत्कारासाठी आणलेली शाल उचलली आणि झाडाला पांघरली. टाळ्यांचा कडकडाट झाला. आत्याने आपलं वाक्य म्हटलंच नाही. मान वर करून तिने विचारलं, "भाऊ, उद्या संध्याकाळी हा हॉल उघडा राहील का?"

अख्ख्या नाटकात एवढा हशा कशालाच पिकला नाही. अध्यक्ष भूमिकेत होते की नव्हते, देव जाणे. म्हणाले, "बैठकीत घेऊ."

कार्यक्रम नसला की हॉलला कुलूप असतं. मैत्रिणींना आमचा जिना चढवत नाही. आत्या संध्याकाळी पत्र्याखाली एकटीच भाजी निवडत बसते. शाल तिने पश्चिमेच्या खिडकीला बांधली आहे, ऊन अडवायला.